मुठीचा डबा

परळच्या त्या चाळीत पाणी साडेपाचला यायचं आणि सव्वासहाला जायचं. मे लागल्यापासून कपात होती. दुसऱ्या मजल्यावरच्या अकरा खोल्यांनी गॅलरीच्या टोकाच्या एका नळावर तेवढ्यात काय ते भरून घ्यायचं. बाकीच्या दहा खोल्या पिण्याचं आणि आंघोळीचं पाणी भरत. नोमी पाटोळेला त्यातच एक गोधडी धुवायची असे.

रोज नव्हे. आठवड्यातून तीनदा, कधी चारदा. तिच्या अनुजाची सातवीची परीक्षा नुकतीच झाली होती, तेरावं सरत आलं होतं, आणि फेब्रुवारीपासून पोरीचं अंथरूण ओलं व्हायला लागलं होतं. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं, सगळं ठीक निघालं. "होतं असं काही मुलांना. थांबेल आपोआप. रागावू नका आणि चारचौघांत बोलू नका," त्या म्हणाल्या. न रागावणं नोमीला जमलं.

पहिल्या दिवशी पोरीनं तिचा हात धरला होता. "मम्मी, कोणाला सांगू नको. पप्पाला पण नाही."

"नाही सांगणार."

"प्रॉमिस?"

"प्रॉमिस, बाळा."

दहा बाय बाराच्या खोलीत पप्पाला न कळायला तो काही आंधळा नव्हता. विनीत शिवडीच्या गोदामात मालाची मोजदाद करायचा. ज्या सकाळी गोधडी ओली असेल, त्या सकाळी तो उठल्या उठल्या ब्रश घेऊन गॅलरीत जायचा आणि दात झिजतील एवढा वेळ घासत बसायचा. माणूस कमी बोलणारा, पण अक्कल होती त्याला.

गोधडी सासूबाईंनी नगरकडच्या गावी शिवलेली, पाच लुगड्यांची. खाली रेक्झिन घातलं तरी ती भिजायचीच, आणि पाण्यात बुडवली की एकट्या बाईला उचलायची नाही. नोमी तिचं एक टोक गॅलरीच्या लाकडी खांबाला गुंडाळायची आणि दुसरं टोक धरून पिळायची. मनगटातून कळ थेट कोपरापर्यंत जायची. मग ती बादलीत कोंबून गच्चीवर, टाकीच्या मागच्या बाजूला वाळत घालायची, कुणाच्या नजरेस पडू नये म्हणून. समोरच्या खोलीतल्या राधाबाई, गिरणीतून रिटायर झालेल्या गड्याची बायको, नळावर आपली कळशी बाजूला घेऊन तिला जागा करून द्यायच्या. का, ते त्यांनी कधी विचारलं नाही.

गोधडी झाली की त्याच मनगटांनी कणीक. लालबागच्या एका गल्लीत शामरावांची खानावळ होती, तिथं रोज दीडशे चपात्या अकराच्या आत पोचायला लागत. परातीत पीठ चाळलं की पाणी घालायच्या आधी नोमी एक मूठ बाजूला काढायची आणि जुन्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात टाकायची. ही सासूबाईंची रीत. गावाकडे त्या दळणातून मूठभर बाजरी काढायच्या, महिन्याच्या शेवटच्या रविवारी ती देवळात, म्हणजे गावच्या चर्चमध्ये, नेऊन ठेवायच्या, आणि तिथून ती गोरगरिबांकडे जायची. मूठ काढताना कुणा एकाचं नाव घ्यायचं, त्याला देवाच्या हाती द्यायचं. मनातच. लग्न झाल्यावर पहिल्या आठवड्यात नोमीनं नाव मोठ्यानं घेतलं, तर म्हातारी म्हणाली होती, "हळू गं. त्याला ऐकू येतं."

चौदा-पंधरा वर्षांत मूठ कधी चुकली नव्हती. तेवढ्या एका क्षणात नोमीला बरं वाटायचं, दिवसाला कुठंतरी टेकल्यासारखं. पण या उन्हाळ्यात मूठ काढून झाकण लावलं की आपण नाव कुणाचं घेतलं हेच तिला आठवायचं नाही.

त्या बुधवारी तर सगळंच फिसकटलं. गोधडीला साबण लावला आणि नळ सहालाच गेला. फेसाळलेली गोधडी तशीच बादलीत ठेवून ती कणकेला बसली. शेगडीचा एक बर्नर धड पेटेना. चपात्या वीस मिनिटं उशिरा आणि थोड्या कडक झाल्या. शामरावांनी जेवायला बसलेल्या गिऱ्हाइकांसमोर एक चपाती उचलली आणि दोन बोटांत धरून हलवली.

"पाटोळेबाई, ही खायची का पायताणाला लावायची?"

दोघं-तिघं हसले. रिकामा डबा काखेत मारून नोमी लालबागहून उन्हातून चालत आली. घरी बादलीतला फेस सुकून गोधडीवर पांढरे डाग पडले होते. अनुजा खिडकीत बसून रंगीत कागदाचे मासे कापत होती. सोमवारपासून चर्चमध्ये सुट्टीतला मुलांचा वर्ग सुरू व्हायचा होता. यंदा पहिल्यांदाच बारक्यांना गाणी शिकवायचं काम तिला मिळालं होतं, आणि आठवडाभर ती आरशासमोर हातवारे करत होती.

"मम्मी, मासा बघ ना."

"हं," नोमी म्हणाली. तिनं पाहिलं नाही.

दर बुधवारी दुपारी तीनला चर्चच्या महिला मंडळाची सभा असे. त्या दिवशी सभा सेक्रेटरी शीलाताई मकासरेंच्या खोलीत होती. शीलाताई रिटायर शिक्षिका. मंडळाची विनंतीची वही त्यांच्याकडे. कुणाचा नवरा आजारी, कुणाच्या पोराचं लग्न जमेना, जिला जे मागायचं ते ती बोलायची आणि शीलाताई वळणदार अक्षरात नोंदवायच्या. रविवारी उपासनेत ती वही वाचली जायची आणि सगळी मंडळी त्यासाठी प्रार्थना करायची. ज्या गोष्टी चारचौघांत वाचायच्या नसतील, त्यांच्याआधी 'गुप्त' एवढा शब्द बोलायचा. मग वहीत फक्त 'एका बहिणीची गुप्त विनंती' असं यायचं. मंडळातल्या पोरीसोरींनाही हा नियम पाठ होता.

नोमी पंख्याखाली चटईवर टेकली. दोन गीतं झाली. तिच्यापर्यंत पाळी आली आणि ती एकदम रडायलाच लागली. शामराव, पाणी, बर्नर, मनगटं, आणि मग गोधडी. अनुजाचं नाव घेऊन, फेब्रुवारीपासूनचं सगळं. बायका जवळ सरकल्या. पाळकबाईंनी, चर्चच्या पाळकांच्या पत्नीनं, तिच्या डोक्यावर हात ठेवला. शीलाताईंचं पेन चालत होतं. नोमी सगळं बोलली, एक शब्द सोडून.

बाहेर पडली तेव्हा तिला इतकं हलकं वाटत होतं की तिनं कोपऱ्यावरून अनुजासाठी कलिंगडाची फोड घेतली. घरी येऊन माशांचं कौतुक केलं. रात्री गाढ झोप लागली.

रविवारी चर्च भरलं होतं. वर्गाची पोरं पुढच्या दोन बाकांवर, आणि त्यांच्या कडेला अनुजा, दोन वेण्या घालून. उपासनेच्या मध्यावर शीलाताई चष्मा लावून उभ्या राहिल्या आणि आपल्या स्वच्छ, शाळेतल्या आवाजात वाचू लागल्या. दोन आजारपणं. एक नोकरी. एका बहिणीची गुप्त विनंती. आणि मग:

"बहीण नोमी पाटोळे यांची कन्या अनुजा, वय तेरा. झोपेत अंथरूण ओलं होतं. आरोग्य मिळावं आणि आईला धीर मिळावा म्हणून."

"आमेन," सगळे म्हणाले.

नोमीला आधी कळलंच नाही. मग पुढच्या बाकावरून फिस्सकन हसू आलं आणि कुणीतरी कुणाला तरी कोपरानं ढोसलं. अनुजाची मान खाली नव्हती. ती सरळ समोर बघत होती, कानाच्या पाळ्या मात्र लालबुंद झाल्या होत्या. उपासना संपल्यावर पाळकबाईंनी मायेनं तिला कुशीत घेतलं. "आम्ही सगळे तुझ्यासाठी प्रार्थना करतोय हं, बाळा." पोरगी त्यांच्या हातांतून निसटली आणि एकटीच चालत घरी गेली.

सोमवारी ती वर्गाला गेली नाही. कागदाचे मासे खिडकीत तसेच पडून होते. ती आईशी बोलत नव्हती. रागानं नाही, आदळआपट नाही. विचारलं तर मान हलवायची, ताट पुढं आलं तर जेवायची. रात्री तिनं गोधडी गुंडाळून कपाटावर ठेवली आणि उघड्या लादीवर आडवी झाली.

"अगं, अंथरूण घे."

अनुजानं भिंतीकडे तोंड केलं.

मंगळवारी लादी कोरडी. बुधवारीही कोरडी. नोमीला वाटलं, चला, प्रार्थना फळली म्हणायची. त्या बुधवारी ती सभेला गेली नाही, शीलाताईंचं तोंड बघायची तिची इच्छा नव्हती. वही त्यांची, आवाज त्यांचा, काळीज कुठं गहाण टाकलं होतं बाईनं? चपात्या लाटताना ती मनातल्या मनात शीलाताईंना असं काही सुनावायची की लाटणं पोळपाटावर आपटायचं. मूठ काढायची, झाकण लावायची, आणि त्या मुठीत कुणाचंच नाव नसायचं.

शुक्रवारी नळावर राधाबाईंनी कळशी खाली ठेवली.

"नोमी, एक सांगू? पोर पाणी पीत नाय. तुझ्या ध्यानात इला काय?"

"म्हणजे?"

"दुपारपासून गॅलरीत बसता ना माझ्या दाराशी. मी पेलो दिलंय, तसोच ठेवता. काल सरबत केलंय, तरी नको. ओठ बघ तिचे जरा."

नोमी हंडा तिथंच टाकून खोलीत गेली. अनुजा लादीवर बसून केस विंचरत होती. ओठांना भेगा पडून त्यांत रक्त साकळलं होतं. बाहेर मे महिना, घामानं भिंती ओलसर, आणि पोरगी रात्री लादी कोरडी राहावी म्हणून दुपारी बारानंतर पाण्याचा थेंब घेत नव्हती. चार दिवस आपण कोरड्या लादीवर खूश होतो.

तिनं पेला भरला. "पाणी पी."

नाही.

"अनू, आजारी पडशील. पी बघू."

पाच दिवसांनी पोरगी पहिल्यांदा बोलली. आवाज घोगरा झाला होता. "जा ना, सांग चर्चमध्ये. अनुजा पाणी पीत नाही. लिहून घेतील."

नोमी पेला धरून उभी राहिली. बाहेर नळ गेला, तिचा हंडा अर्धाच भरलेला राहिला.

त्या दिवशी कणकेला बसताना तिनं पीठ चाळलं आणि मूठ हातात घेऊन थांबली. शीलाताईंचं नाव मनात आलं, पण ते शापासारखं आलं, म्हणून तिनं ते परत ढकललं. अनुजाचं आलं. ते नाव घ्यायला आपलं तोंड राहिलं नाही, असं तिला वाटलं. मग बऱ्याच वेळानं, पहिल्यांदाच, तिनं स्वतःचं नाव घेतलं. बाकी काही मागितलं नाही. पीठ बोटांच्या फटींतून डब्यात गळालं आणि ती तिथंच परातीवर वाकून रडली. पण हे रडणं बुधवारच्या रडण्यासारखं नव्हतं. त्या वेळी ती आपलं ओझं खाली ठेवतेय असं समजून पोरीचं ओझं वाटून आली होती. आज जे होतं ते तिचं स्वतःचंच होतं.

चपात्या पोचवल्या, शामरावांनी "आज बरोबर आहेत" म्हटलं ते तिला ऐकूही आलं नाही, आणि तिथूनच ती शीलाताईंकडे गेली. दार उघडताच म्हाताऱ्या बाईचा चेहरा उतरला.

"नोमी, मी तुझ्याकडे येणारच होते. दोनदा जिन्यापर्यंत येऊन परत गेले. तू गुप्त म्हणाली नव्हतीस गं. मी नियमानं..."

"नव्हते म्हणाले. चुकलं माझं."

"नाही, पण मला कळायला नको? छत्तीस वर्षं मुलींना शिकवलं मी. तेरा वर्षांची पोर म्हणजे काय, हे मला कळायला नको?" शीलाताईंनी चष्मा काढला. डोळे पुसायचे सोडून त्या चष्माच पुसत राहिल्या. "सगळं वाचून आमेन म्हणून खाली बसले. तेव्हा कुठं तिच्याकडे बघितलं."

आठवडाभर ज्या बाईला मनात झोडपलं होतं, तिच्यासमोर नोमी खाली बसली. ती म्हणाली, "वही काढा."

शीलाताईंनी वही काढली आणि ते पान उघडलं. "या वहीतलं पान कधी कुणी फाडलेलं नाही," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी ते हळूच, शिवणीपासून फाडून नोमीच्या हातात दिलं. "आता सांग."

"लिहा. नोमी पाटोळे. मुलीनं विश्वासानं सांगितलेली गोष्ट चव्हाट्यावर मांडली. दिलेला शब्द मोडला. त्याची क्षमा मागते."

पेन चाललं, मग थांबलं. "गुप्त लिहिते हं."

"नाही. नावानं लिहा. आणि मागच्या रविवारी वाचलंत तेवढ्याच आवाजात वाचा."

रविवारी अनुजा चर्चला येणार नव्हती. नोमीनं एकदाही 'चल' म्हटलं नाही. पण विनीतनं आपला इस्त्रीचा शर्ट घातला, चपला घातल्या आणि दारात उभा राहिला. "अनू, मी शेवटच्या बाकावर बसणारे. दाराजवळ. नको वाटलं तर आपण दोघं उठून येऊ. चल ना, मला एकट्याला कंटाळा येतो तिथं." पोरीनं बापाकडे बघितलं. बापानं इतकी वाक्यं एका दमात बोलल्याचं तिला आठवत नसावं. तिनं चपला घातल्या.

नोमी बायकांच्या बाजूला बसली. वही उघडली गेली तेव्हा तिला वाटलं, उठून पळून जावं. अजून वेळ होता. शीलाताईंना नुसती खूण केली असती तरी त्यांनी तो भाग गाळला असता. तिनं पदर मुठीत धरला आणि बसून राहिली.

शीलाताईंनी ते वाचलं. आवाज जरा कापला, पण एकही शब्द गिळला नाही. "...दिलेला शब्द मोडला. त्याची क्षमा मागते."

आमेन लगेच आलं नाही. माना वळल्या. पुढच्या बाकावरची एक बाई दुसरीच्या कानाला लागली. नोमीचा चेहरा तापला, कानाच्या पाळ्या जळायला लागल्या, आणि तिला एकदम कळलं की मागच्या रविवारी पोरीला इथं कसं वाटलं असेल. तिनं मान खाली घातली नाही. तेरा वर्षांच्या पोरीनं घातली नव्हती. मग मागून, दाराजवळून, विनीतचा जाडाभरडा आवाज आला, "आमेन." आणि मग सगळ्यांचा.

परत येताना तिघं सावली बघून चालत होती. विनीत मुद्दाम दहा पावलं पुढं. नाक्याच्या अलीकडे अनुजा म्हणाली, "तू गुप्त का नाही म्हणालीस?"

"कधी?"

"दोन्ही वेळी."

"पहिल्या वेळी विसरले," नोमी म्हणाली. "आज विसरले नव्हते."

अनुजानं ओठांवरून जीभ फिरवली. रसवंतीवाल्याच्या चरकाचे घुंगरू वाजत होते. बारा वाजून गेले होते.

"मला तहान लागलीय," ती म्हणाली.

तिनं रसाचा एक ग्लास संपवला आणि दुसरा मागितला. नोमीनं आपलाही तिच्यापुढं सरकवला. विनीत पुढं जाऊन थांबला होता, तो मागं आला नाही. तिथंच उन्हात उभा राहून त्यानं रुमालानं मान पुसल्यासारखं केलं आणि डोळे पुसले.

त्या रात्री अनुजा कपाटावरची गोधडी काढून तिच्यावर झोपली.

सोमवारी गोधडी ओली होती. साडेपाचला नळ आला. नोमीनं ती खळबळून काढली, एक टोक खांबाला गुंडाळायला घेतलं, तेवढ्यात ते टोक कुणीतरी तिच्या हातातून काढून घेतलं. अनुजा फ्रॉकच्या बाह्या वर सारून उभी होती.

"मी धरते. तू तिकडून पीळ."

मायलेकी दोन टोकांना उभ्या राहिल्या. नोमी भिंतीच्या बाजूला पिळू लागली, पोरगीही भिंतीच्याच बाजूला वळवू लागली, तेव्हा गोधडी नुसतीच गोल फिरली आणि राधाबाई हसल्या. मग एक इकडे, एक तिकडे असं जमलं. पाण्याची धार लागली. नोमीच्या मनगटात कळ आली नाही, किंवा आली असेल तर तिच्या लक्षात आलं नाही. गच्चीवर अनुजानंच गोधडी नेली. वरून आली तेव्हा म्हणाली, "टाकीमागं सावली असते गं. तिथं वाळणार कशी? मी उन्हात घातली."

नोमी परातीसमोर बसली. पीठ चाळलं. अनुजा खिडकीतले कागदाचे मासे एकेक झटकून पिशवीत भरत होती. नऊला वर्ग होता. जाणार का, हे नोमीनं विचारलं नव्हतं. पिशवी भरून झाली तशी पोरगी परातीजवळ येऊन उकिडवी बसली आणि तिनं हात पुढं केला.

"आज मी काढू?"

नोमीनं परात तिच्याकडे सरकवली. अनुजाची मूठ लहान होती, तिनं ती गच्च भरून घेतली. डोळे मिटले. ओठांवरच्या भेगा अजून भरल्या नव्हत्या, पण ते हलले, दोन-तीन शब्दांपुरते. मग तिनं पीठ डब्यात टाकलं, हात झटकले आणि झाकण लावलं.

'कुणाचं नाव घेतलंस?' हे शब्द नोमीच्या अगदी जिभेवर आले होते.

तिनं पाण्याचा तांब्या उचलला आणि कणीक भिजवायला घेतली.